आजचं चिंतन: घरातल्या पाच जागा



कर्मयोग वाचता वाचता आज आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकापाशी आलो. श्लोक दोन ओळींचा आहे, पण पचायला जड आहे. भगवंतांच्या सांगण्याचा भावार्थ असा: यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात. त्याच्या आधीच्या बाराव्या श्लोकात तर आणखी कडक शब्द आलाय. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना काहीच परत करायचं नाही, अशा माणसाला भगवंतांनी सरळ चोर म्हटलंय.

पहिल्यांदा वाचताना वाटतं, हे काही आपल्याबद्दल नसावं. आपण कुणाचं काय चोरलं? पगार कष्टाचा आहे. फ्लॅटचा हप्ता आपण भरतो, लाइट बिल वेळेवर जातं, पाण्याचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून जातात. मग चोरी कसली?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तिसऱ्या अध्यायातला यज्ञ म्हणजे फक्त समिधा आणि तूप, असं धरलं तर आपण शहरातली मंडळी या श्लोकातून सहज निसटतो. पण ज्ञानेश्वर महाराज याच ठिकाणी यज्ञाचा अर्थ स्वधर्माचरण असा लावतात, आणि तिथे मात्र निसटायची वाट बंद होते. कारण स्वधर्म प्रत्येकाला आहे. अग्निकुंड नसलेल्या वन बीएचकेतल्या माणसालाही आहे.

पंचसूना म्हणजे काय?

आदि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या श्लोकातली 'पापं' कोणती ते सांगताना एक जुना शब्द वापरलाय: पंचसूना. मराठीतल्या सुनांशी याचा काही संबंध नाही हं! संस्कृतात सूना म्हणजे जिथे जीवांची हत्या होते ती जागा. स्मृतिग्रंथांनी गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा मोजल्या आहेत. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा.

यादी पुन्हा एकदा वाचा. यात दारूचा अड्डा नाही, जुगार नाही. घरातल्या सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात आवश्यक, आपण हळदकुंकू वाहतो अशा या जागा आहेत. चुलीत मुंग्या जळतात, पाट्यावर धान्यातले किडे चिरडतात, केरसुणीखाली, उखळात, पाण्यात कितीतरी जीव मरतात. कुणाला मारायची इच्छा नसते, तरी ते घडतं. म्हणजे नुसतं जगायचं म्हटलं तरी आपण कुणाकडून तरी काहीतरी घेत असतो.

यावर आपल्या पूर्वजांनी दोन टोकं गाठता आली असती. 'एवढं काय त्यात' म्हणून सोडून देणं हे एक, आणि 'आपण पापी' म्हणून चूल फोडून टाकणं हे दुसरं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी सांगितलं, रोज घेताय ना, मग रोज परत करा. त्यासाठी पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापन, पितरांचं स्मरण, देवाची उपासना, प्राणिमात्रांना घास आणि आल्या-गेल्याचं आतिथ्य. आजोबा जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवून भाताची चार शितं बाजूला काढायचे, ती चित्राहुती. गाईचा घास, कावळ्याचा घास, अंगणात पक्ष्यांसाठी पाणी. खाण्याआधी देण्याची ही सवय घराघरात होती.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा यज्ञ, दान आणि तप यांची फार सोपी फोड करतात. आपण जन्माला येतो तेव्हा सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्था आपल्याबरोबर असतात. वापरानं तिन्हींची झीज होते. सृष्टीची झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ, समाजाचं ऋण फेडणं म्हणजे दान, शरीर शुद्ध ठेवणं म्हणजे तप.

झीज भरून काढणं! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'टेक्निकल डेट' नावाची गोष्ट असते. घाईघाईत कसाबसा कोड लिहून प्रोजेक्ट पुढे ढकलायचा. आज काम भागतं, पण कर्ज चढतं आणि ते पुढे येणारी टीम रात्री जागून फेडते. कर्ज घेणारा एक आणि फेडणारा दुसराच. बाराव्या श्लोकातला 'चोर' हा शब्द मला इथे समजतो.

आता 'पैसे भरलेत ना' या प्रश्नाकडे परत येऊ. बिल भरलं की पैसे वीज कंपनीला जातात, महापालिकेला जातात, दुकानदाराला जातात. ज्याची झीज झाली त्याच्यापर्यंत त्यातलं काय पोचतं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरातल्या पाच जागांवर जाऊन शोधूया.

१. चूल

आजची चूल म्हणजे गॅसची शेगडी, आणि बऱ्याच घरांत फोनमधलं जेवण मागवायचं ॲप. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. यात साली-देठंही धरली आहेत. तरी दिवसाचा हिशेब माणशी दीडशे ग्रॅमवर जातो. चित्राहुतीची चार शितं बाजूला काढणाऱ्यांचे नातू आपण, आणि आता वाटीभर अन्न बाजूला काढतो, पण ते कुणाच्याच तोंडी लागत नाही.

उपाय आजीला माहीत होते. उरलेल्या पोळीचा कुस्करा, भाताला फोडणी, आमटीत पीठ मळून थालीपीठ. आठवडाभर फक्त एवढं बघा की रोज रात्री काय उरतं, आणि तेवढं पुढच्या आठवड्यात कमी शिजवा. डाळ-कडधान्य भिजवून कुकरला लावा, पातेल्यावर झाकण ठेवा. आपल्या देशात वापरला जाणारा निम्म्याहून जास्त एलपीजी परदेशातून जहाजानं येतो, तेव्हा ते झाकणसुद्धा क्षुल्लक नाही. बाहेरून मागवलंच तर चमचे, टिश्यू, सॉसच्या पुड्या नकोत, हे ऑर्डर करतानाच सांगता येतं.

२. पाटा-वरवंटा

पाट्याची जागा मिक्सरनं घेतली, म्हणून ही जागा विजेची धरू. मिक्सर बिचारा दोन मिनिटं फिरतो. खरी वीज गीझर, एसी आणि दिवसरात्र फिरणारे पंखे खातात.

२ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट झालं. कोळशावरच्या वीज केंद्रात १ युनिटसाठी अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण एक तृतीयांश असतं. म्हणजे बटण बंद करायचं राहिलं त्या अर्ध्या तासाची जवळजवळ २०० ग्रॅम राख कुठेतरी पडली. कुठे? चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. तिथल्या आसपासच्या गावांच्या हवेत, पाण्यात, शेतात ती राख आहे. आपल्या बाथरूमच्या टाइल्सवर तिचा कणही पडत नाही, म्हणून आपल्याला ती दिसत नाही.

इथे करण्यासारखं पुष्कळ आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ २०० युनिट वाचतात. आपल्याकडे १ युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका पंख्याचे वर्षाचे १४० किलो. पंखा बिघडेल तेव्हा बदला, चालू पंखा भंगारात घालायची घाई नको. एसी २४ अंशांवर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानं प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. आणि २० अंशांवर एसी लावून वर दुलई घेणं, हा काय प्रकार आहे, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं!

३. केरसुणी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. पण तिनं गोळा केलेलं पुढे कुठे जातं, हे वर्षभर विचारत नाही.

पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला. तिथल्या लोकांच्या विहिरी खराब झाल्या, दुर्गंधी सोसवेना म्हणून गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांतही दिसत होता. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पटींच्या आसपास जास्त उष्णता धरून ठेवतो, आणि असे ढीग पेटतात तेही त्याच्यामुळेच.

आणि माणसं? मिसळलेला कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. तिच्या सभासदांत बहुसंख्य बायका आहेत. खरकट्यात मिसळलेली फुटकी काच त्यांच्या बोटांना लागते. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची, एवढ्या एका कृतीनं त्यांचा हात वाचतो. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणं हा २०१६ च्या नियमांपासून कायदाही आहे. पण कायदा नसता तरी भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ होताच की!

जागा असेल तर ओल्या कचऱ्याचं खत घरीच करा. भोकं पाडलेली बादली, तळाशी कोकोपीट, रोजच्या कचऱ्यावर सुक्या पानांचा किंवा कोकोपीटचा थर, मधूनमधून हलवणं. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. देवपूजेचं निर्माल्यही त्यातच जाऊ द्या. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून नदीत फेकलेलं निर्माल्य देवाला पोचत नाही, पुढच्या बंधाऱ्यात अडकतं. त्याच फुलांच्या खतावर गॅलरीतली तुळस वाढली, तर पूजा पूर्ण झाल्यासारखी वाटते.

४. उखळ-मुसळ

उखळात साळ कांडून तांदूळ निघायचा. कच्च्याचं पक्कं करण्याची ती जागा. आज ती घरातून उठून कारखान्यात गेली आणि आपल्याकडे सगळं तयार, पॅकबंद येतं. म्हणून ही जागा खरेदीची. दर महिन्याच्या सेलमध्ये आपल्या जिवावर कुणाचं तरी उखळ पांढरं होत असतं, ते वेगळंच.

सुती टी-शर्ट घ्या. कापूस पिकवण्यापासून धरलं तर एका टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब नेहमी दिला जातो. फोनचं बघा. तो आयुष्यभरात जेवढ्या कार्बनला कारण होतो, त्यातला बहुतेक भाग आपल्या हातात येण्याआधी, तयार होतानाच हवेत गेलेला असतो. म्हणून चार्जर काढून ठेवण्यापेक्षा तोच फोन आणखी दोन वर्षं वापरणं कितीतरी मोठं काम आहे. बॅटरी बदला, स्क्रीन दुरुस्त करा.

इथे एक सापळा आहे. पर्यावरणाच्या नावाखालीही खरेदीच सुरू होते. बांबूचा ब्रश, ताग-कापडाच्या सहा पिशव्या, स्टीलची चौथी बाटली. घरात आधीच असलेल्या वस्तूइतकी पर्यावरणस्नेही वस्तू बाजारात मिळत नाही. लग्नात आलेले स्टीलचे डबे माळ्यावर आहेत, ते खाली काढा. जुन्या साड्यांची गोधडी आणि धोतराचं फडकं ही आपल्याकडची जुनी चाल आहे, तिला नवं इंग्रजी नाव द्यायची गरज नाही.

५. पाण्याचा घडा

पुण्याच्या नळाला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. त्याच धरणांतून निघालेला कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडच्या शेतांना पाणी देतो. साठा एकच, घडा एकच. शहरानं ओंजळ मोठी केली की कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याची पाळी लांबते. उन्हाळ्यात शहराला किती आणि शेतीला किती यावरून वाद होतो तो याच पाण्याचा. आपल्या शॉवरमधून मिनिटाला सहज ८-१० लिटर पाणी जातं. दहा मिनिटांच्या आंघोळीत पाच-सहा बादल्या झाल्या!

नळाला एरेटर बसवायला फार पैसे लागत नाहीत. बादलीनं आंघोळ करायला तर काहीच लागत नाही. आरओ फिल्टर १ लिटर शुद्ध पाण्यासाठी साधारण २-३ लिटर पाणी बाहेर टाकतो. ती नळी बादलीत सोडा, त्यात फरशी पुसून होते, संडासाला वापरता येतं. त्याआधी पाण्याचा टीडीएस मोजा. तो ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची सहसा गरज नसते, जंतू मारणारा साधा फिल्टर पुरतो. सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडून पाणी गच्चीवरून वाहत असेल तर 'वॉचमन बघेल' म्हणून पुढे जाऊ नका.

'एकट्यानं काय होणार?'

ऑफिसमध्ये जेवताना हा विषय निघाला की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. 'मोठमोठे कारखाने, खाणी, विमानं, आणि तू इथे बादली मोजतोयस!' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं.

आकड्यांत बघायचं तर, एकट्यानं फार काही होणार नाही. आपल्या पंख्याचे १४० किलो जगाच्या हिशेबात दिसणारही नाहीत. जे म्हणतात की तुमच्या एका कापडी पिशवीनं पृथ्वी वाचेल, ते अतिशयोक्ती करतात, आणि मग निराशाही तेवढीच मोठी येते.

पण श्लोक पुन्हा बघा. भगवंतांनी 'याने जग वाचेल' असं आश्वासन दिलेलंच नाही. त्यांनी विचारलंय की तू घेतलंस, परत दिलंस का? बँकेत कुणी कोटींचा घोटाळा केला म्हणून मी कॅशियरच्या टेबलावरचे दहा रुपये उचलले, तर ते चालतं का? मोठ्या चोरामुळे लहान चोर साव होत नाही. फळावर नजर न ठेवता कर्म कर, हे आपण परीक्षेच्या आणि अप्रेझलच्या वेळी एकमेकांना सांगतो. त्या उपदेशाची खरी कसोटी अशाच कामात लागते, जिथे फळ दिसण्याची शक्यता फारच कमी असते.

शिवाय 'काही होणार नाही' हे पूर्ण खरंही नाही. हवामानाच्या आकड्यात फरक दिसणार नाही, पण लाल खूण केलेल्या पुडीमुळे उद्या सकाळी एका बाईचा हात सुरक्षित राहतो. हा फरक ठरावीक माणसाला, ठरावीक दिवशी पडतो.

आणि याच अध्यायात पुढे लोकसंग्रह येतो. चारचौघांनी ज्याचं अनुकरण करावं असा माणूस जसा वागतो, तसे बाकीचे वागतात. म्हणून घरापुरतं करून गप्प बसणंही अपुरं आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जा. तिथे पार्किंगवरून तासभर भांडण होतं, त्यातली दहा मिनिटं खतासाठी मागा, गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी मागा. नगरसेवकाला विचारा, आमचा वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्र तर होत नाही ना? मोठ्या चोरांना जाब विचारायचा तर आपला हात आधी स्वच्छ असलेला बरा.

संकल्प आपला, श्रम कुणाचे?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा. घरातला तरुण मुलगा एखादा पॉडकास्ट ऐकून जाहीर करतो, 'उद्यापासून आपल्याकडे प्लास्टिक बंद, कचऱ्याचं खत करायचं, टिश्यू नाही, फडकी वापरायची.' फार छान. पण मग दुकानात डबे घेऊन कोण जाणार? आई. खत कोण हलवणार? आई. खरकटी फडकी कोण धुणार? कामाला येणाऱ्या मावशी, त्याच पगारात. मुलानं फक्त फोटो टाकला.

हा यज्ञ झाला का? सृष्टीची झीज भरायला निघालो आणि आईची झीज वाढवली. मावशींचा वेळ घेतला, तोही न विचारता. ज्या श्लोकातून आपण सुटायला बघत होतो, तिथेच परत येऊन पडलो: घेतलं, परत दिलं नाही. सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचेही प्रकार सांगितलेत. मान मिळावा, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेलं तप राजस, आणि ते टिकतही नाही.

म्हणून एक साधी कसोटी ठेवूया. संकल्प ज्याचा, त्यानंच त्याचे श्रम करायचे. खत करायचं ठरवलं तर बादली आपण हलवायची. डबे घेऊन दुकानात आपण जायचं. मावशींचं काम वाढणार असेल तर आधी त्यांच्याशी बोलायचं आणि पैसे वाढवायचे. जमत नसेल तर संकल्प लहान करायचा. लहान संकल्प भगवंतांना चालतो, पान-फूल-पाणी भक्तीनं दिलं तरी मी स्वीकारतो असं नवव्या अध्यायात तेच सांगतात.

आजचा अभ्यास

पाचही जागा एकदम धरायला जाऊ नका. आज संध्याकाळी घरी गेल्यावर पाचांपैकी एकच जागा निवडा. तिथे उभं राहून तीन प्रश्न विचारा. मी इथे रोज काय घेतो? त्याची झीज कुणाला सोसावी लागते? त्यातलं मी माझ्या हातानं काय परत देऊ शकतो? उत्तर एका ओळीत लिहून शेगडीजवळ किंवा नळाजवळ चिकटवा आणि पुढच्या एकादशीपर्यंत तेवढंच पाळा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. पंचमहायज्ञ रोजचे होते, एकदा करून संपणारे नव्हते, त्याचं कारणही हेच आहे.

रात्री जेवायला बसताना, पहिला घास घेण्याआधी क्षणभर थांबा. ज्या शेतात ते पिकलं, ज्या धरणाचं पाणी त्यात आलं, ज्या कोळशावर ते शिजलं किंवा थंड राहिलं, आणि उद्या सकाळी आपलं खरकटं उचलणारे जे हात, त्यांची आठवण काढा. ताटात जेवढं लागेल तेवढंच घ्या.

उद्या चौदावा श्लोक. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, असं ते चक्र कसं फिरतं ते पाहूया.

राम कृष्ण हरी!